बिनमाणसाच्या स्टेशनाचे मास्तर

"संशय जरूर घ्यावा, पण तपासून घ्यावा," असं ते म्हणायचे. मी त्यांच्यावर साडेपाच महिने संशय घेतला आणि एकदाही तपासला नाही. आता ते दक्षिण जर्मनीत नेकारसुल्मला असतात, मी अजून कोलोन आणि बॉनच्या मधल्या त्याच गावात आहे. रोज सकाळी त्याच फलाटावर उभी राहते आणि रोज मला त्यांची आठवण येते, थोडी हसू आणणारी आणि थोडी टोचणारी.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. संशय मी माहेराहून घेऊन आले आहे. आमच्या घरी बेल वाजली की आधी भिंगातून बघायचं, मग साखळी लावून दार किलकिलं करायचं आणि त्या फटीतून "घरी कोणी नाही" असं आपणच सांगायचं. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तर आई ती दोनदा धुवायची. अशा घरातली मुलगी पुण्याहून एकटी जर्मनीत आली, सहा महिन्यांच्या प्रोबेत्साइटवर. प्रोबेत्साइट म्हणजे परीक्षेचा काळ, त्यात कंपनी कधीही "नको" म्हणू शकते. नोकरी पक्की झाली की नवऱ्याने तिकडची नोकरी सोडायची आणि लेकीला घेऊन यायचं, तोवर तिकीट काढायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. लेक पाच वर्षांची. रोज व्हिडिओवर जेवली का, झोपली का असं मी विचारायची आणि ती उलट एकच प्रश्न विचारायची, "आई, पक्की झाली का गं?"

तर फेब्रुवारीतली सकाळ. आमचं स्टेशन म्हणजे दोन फलाट, एक घड्याळ आणि तिकिटाचं एक यंत्र. स्टेशनाची जुनी विटांची इमारत आहे, पण तिच्यात आता केस कापायचं दुकान आहे. रेल्वेचा एकही माणूस तिथे नसतो. गाडी का आली नाही हे विचारायचं तर न्हाव्याला विचारावं लागतं. त्या सकाळी फलाटाच्या टोकाला काळ्या कोटातला एक माणूस उभा होता. पन्नाशी उलटलेला, आपल्याकडचा चेहरा, दोन्ही मनगटांवर घड्याळं. त्याने हात सरळ ताणून स्टेशनच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने काहीतरी म्हटलं. मग रुळांकडे बोट, पुन्हा तेच. मग कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या एका जर्मन आजीबाईंकडे. मग शाळेच्या पोरांकडे. आणि मग माझ्याकडे! बोट तसंच रोखून तो थांबला. मी गडबडून मान हलवली. लगेच त्याने खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं.

गाडी आली, मी चढले. तो चढला नाही. खिडकीतून पाहिलं तर गाडीच्या दाराकडे बोट दाखवून पुन्हा वहीत लिहीत होता. जो माणूस स्टेशनावर येतो आणि गाडीत बसत नाही, त्याच्याबद्दल चांगलं काय वाटणार?

आणि त्याच दिवशी दुपारी तो मला आमच्या ऑफिसात दिसला. कँटीनमध्ये माझ्यासमोर ट्रे ठेवून म्हणाला, "नमस्कार बाई. सात बेचाळीसची तुमची गाडी आज सहा मिनिटं उशिरा होती." मराठीत! मला आनंद व्हायला हवा होता. मी आधी पर्स मांडीवर ओढून घेतली.

ते क्वालिटीत होते, समोरच्या इमारतीत. तिथे काम नऊला सुरू व्हायचं, आमच्याकडे मात्र साडेआठला सगळ्यांनी मीटिंगला हजर असायचं. वयाने काका म्हणावेत असे, म्हणून मी काका म्हणू लागले. ते मला बाई म्हणायचे, जणू मी कुठल्या शाळेत शिकवते. तसे ते सगळ्यांनाच अहो-जाहो करत. गाडीलासुद्धा. "या, या. नऊ मिनिटं लावलीत आज," असं तिला तोंडावर म्हणायचे.

हे बोट दाखवणं त्यांनी जपानहून आणलं होतं. जर्मनीच्या आधी सात वर्षं ते नागोयात होते, मोटारींच्या कारखान्यात. घर एका लोकल स्टेशनाला लागून. त्या स्टेशनाबद्दल ते बोलायला लागले की जेवण गार व्हायचं. एवढंसं स्टेशन म्हणे, आपल्या इथल्याइतकंच, पण तिथे पांढरे हातमोजे घातलेले तीन कर्मचारी. गाडी सोडायच्या आधी ते सिग्नलकडे बोट दाखवून "योशी!" म्हणत. योशी म्हणजे "ठीक". नुसतं बघितलं की डोळे फसवतात; बोट दाखवलं आणि तोंडाने बोललं की मन जागेवर येतं, अशी त्यामागची कल्पना. काका ते बघून बघून शिकले आणि पुढे त्यांचं ते थांबेना. घराबाहेर पडताना गॅस, योशी. नळ, योशी. किल्ली, योशी. ऑफिसात संगणक बंद करताना बोट, लिफ्टच्या दाराकडे बोट, चहात साखर घातल्यावर साखरेकडे बोट.

ऑफिसात सगळ्यांची खात्री होती की यांच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडलं असणार. गॅस उघडा राहिला असेल, कारखान्यात कुणाचा हात सापडला असेल. मी एकदा आडून विचारलं, "काका, तिकडे काही झालं होतं का हो?"

"काहीच झालं नाही," ते म्हणाले. "सात वर्षांत काहीही झालं नाही. म्हणून तर करतो."

मला वाटलं, लपवताहेत.

विश्वास असा त्यांचा कशावरच नव्हता. मोबाइलमधल्या रेल्वेच्या ॲपवर नाही, कारण "ॲप फलाटावर उभं नसतं." स्टेशनच्या घड्याळावर नाही, कारण त्याला विचारणारं कुणी नाही. एका मनगटावरच्या घड्याळावर नाही, म्हणून दुसऱ्यावर दुसरं. सगळ्यात राग होता फलाटावरच्या भोंग्यावर. आमच्याकडे गाडी उशिरा असली की भोंगा कारणही सांगतो आणि ते कारण बहुतेक वेळा असतं, "आधीच्या फेरीला झालेला उशीर." काका भोंग्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "उशिराचं कारण उशीर! अहो, हे उत्तर मी चौथीत दिलं असतं तर मास्तरांनी अंगठे धरून उभं केलं असतं." त्या भोंग्यापुढे ते योशी कधीच म्हणाले नाहीत.

मी त्यांना एकदा जेवायला बोलावलं होतं. खरं कारण सांगायचं तर माणूस कसा आहे ते जवळून बघावं म्हणून. आले ते दारातच थांबले. माझ्या छोट्याशा घरात बोट फिरवलं. खिडकी, योशी. गॅस, योशी. धूर झाला की वाजणाऱ्या, छताला लावलेल्या भोंग्याकडे बोट गेलं आणि तिथेच राहिलं. "बॅटरी संपत आलीय. मिनिटामिनिटाला टिकटिकतोय, ऐकू येत नाही का?" मला वाटत होतं वरच्या मजल्यावर काहीतरी वाजतंय. पान वाढलं तर आमटीकडे बोट दाखवून विचारलं, "मीठ?"

"घातलंय," मी म्हटलं.

"हां. आता योशी," म्हणाले आणि मगच घास घेतला. मग समजावून सांगू लागले. एकट्याने दाखवलं तर आपलं आपण योशी म्हणायचं. पण समोर माणूस असेल तर त्याच्याकडून उत्तर यायला हवं. मान हलवो, हात हलवो, तोंडाने बोलो. उत्तर आलं नाही तर योशी नाही, वहीत टिक नाही. "हा नियम मोडला की मग सगळं नाटकच."

"आणि वहीत काय लिहिता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"स्टेशन," ते म्हणाले आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

मला हे उत्तर अजिबात पटलं नाही, कारण तोवर मी एक गोष्ट पाहून ठेवली होती. दर शुक्रवारी दुपारी काका ती वही घेऊन आमच्या इमारतीत यायचे आणि थेट माझ्या शेफिनच्या खोलीत जायचे. शेफिन म्हणजे माझी साहेबीण, कोरड्या स्वभावाची, स्वतःच्या मोटारीने ऑफिसला येणारी. पाच मिनिटं आत, मग बाहेर. आणि मी तर साडेआठच्या मीटिंगला अधूनमधून उशिरा पोचत होते. रोज सकाळी माझ्याकडे बोट दाखवून लिहिणारा माणूस दर शुक्रवारी माझ्या साहेबिणीकडे जातो. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही. माझ्या घरी जेवून माझ्याच चहाड्या! फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, विचार ना सरळ." सरळ विचारायची पद्धत आमच्या माहेरी नाही.

कुत्रेवाल्या आजीबाईंनाही तो माणूस खुपत होता. एकदा काका फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असताना त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "तो आम्हाला सगळ्यांना लिहितो. मुलांकडे बोट दाखवतो. तुमच्या देशाचा दिसतो. ओळखता का तुम्ही त्याला?"

आठच दिवसांपूर्वी तो माणूस माझ्या घरी आमटीभात जेवून गेला होता. धुराच्या भोंग्याला नवी बॅटरी त्यानेच आणून बसवली होती. मी म्हटलं, "तशी ओळख नाही."

पुढच्या मंगळवारी फलाटावर दोन पोलीस आले.

त्यांनी काकांना वही दाखवायला सांगितली. काकांनी दिली. पानं उलटून त्यातल्या एकाने विचारलं, हे काय आहे, हे माणसांच्या पुढे काय आहे, रेल्वेत कामाला आहात का? नाही. मग कशासाठी लिहिता? "कारण इथे दुसरं कुणी नाही," काका म्हणाले. जर्मन त्यांचं माझ्याहून चांगलं होतं, पण हे वाक्य कुठल्याही भाषेत संशयास्पदच वाटलं असतं. पोलिसाने विचारलं, इथे तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का?

काकांनी हात सरळ ताणला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. रोज दाखवत तसंच. आणि थांबले.

मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते. पोलीसही माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय आलं! प्रोबेत्साइट, व्हिसा, पोलिसांच्या कागदावर माझं नाव, शेफिन, लेकीचं "पक्की झाली का गं". मी मान खाली घातली आणि मोबाइल बघायला लागले. मोबाइलवर काहीही नव्हतं. गाडी आली. मी चढले. दार बंद झालं तेव्हा त्यांचा हात खाली आला होता की नाही, ते मला माहीत नाही, कारण मी वर बघितलंच नाही.

पोलिसांनी अर्ध्या तासाने त्यांना सोडलं. ऑफिसचं ओळखपत्र बघितलं, वही परत दिली आणि लोकांना बोट दाखवू नका असं बजावलं, हे मला कँटीनमध्ये दुसऱ्याच कुणाकडून कळलं. काका नेहमीसारखे ट्रे घेऊन समोर बसले, म्हणाले, "आज बटाटे कच्चे आहेत बाई." त्याविषयी एक शब्द नाही. मला तर त्यांचं हे न बोलणंही संशयाचंच वाटलं. म्हटलं, आता शुक्रवारी हे शेफिनला सगळं तिखटमीठ लावून सांगणार.

पुढच्या सकाळपासून ते फलाटावर हात ताणून नाही, तर कोपर अंगाला चिकटवून, जेमतेम बोट उचलून दाखवायला लागले. मी पुन्हा मान हलवू लागले, आधीपेक्षा जास्तच जोरात.

सहावा महिना उजाडला आणि शेफिनने मला खोलीत बोलावलं. तिच्यापुढे एक यादी होती. कामाबद्दल तक्रार नाही, ती म्हणाली, पण साडेआठच्या मीटिंगला अकरा वेळा उशीर.

"गाडी," मी म्हटलं.

"अकराही वेळा गाडी? गाड्या उशिरा असतात हे सगळ्यांना माहीत आहे. आल्झो, तर मग एक गाडी आधीची घ्यायची. जो आधीची घेत नाही, त्याच्यावर मी कसं अवलंबून राहू?"

कुठल्या दिवशी काय झालं ते मला थोडंच आठवत होतं! उशीर झाला की आपण चरफडतो, टिपून थोडंच ठेवतो. शेफिनने थोडा विचार केला आणि फोन उचलला. "तुमच्या स्टेशनाबद्दल सांगू शकेल असा एकच माणूस मला माहीत आहे," ती म्हणाली.

झालं! म्हटलं, चहाडखोरालाच साक्षीला बोलावलं. पुण्यात तेव्हा दुपार होती, लेक शाळेतून आली असेल, आज तिला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव सुरू केली.

काका आले. बसले नाहीत. शेफिनने तारखा वाचायच्या आणि त्यांनी वहीचं पान काढायचं, असं सुरू झालं. पहिली तारीख. "सात बेचाळीसची तेवीस मिनिटं उशिरा. त्याआधीची, सात बाराची, रद्द." दुसरी तारीख. "आधीची गाडी वीस मिनिटं स्टेशनाबाहेर उभी होती. आधीची घेतली असती तरी बाई त्याच वेळेला पोचल्या असत्या." मी बघतच राहिले. माझी गाडी, तिच्या आधीची, तिच्या नंतरची, सगळ्या होत्या. रोज सकाळी सातपासून तिथे उभं राहून त्यांनी हेच लिहिलं होतं. प्रत्येक तारखेला ते खिशातून एक छोटा कागद काढत, त्यावर दोन ओळी लिहीत आणि लाकडी डबीतून आपला नागोयाचा गोल शिक्का काढून, त्यावर तोंडाची वाफ सोडून, लाल ठसा उमटवत. मग दोन्ही हातांनी तो कागद शेफिनपुढे ठेवत, किंचित वाकून.

"तिकडे गाडी पाच मिनिटं जरी उशिरा आली, तरी स्टेशनातला माणूस दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात असा कागद देतो," ते शेफिनला म्हणाले. "ऑफिसात दाखवायला. चूक प्रवाशाची नाही, आमची आहे, असं लिहिलेलं असतं. इथे तो कागद द्यायला कुणी नाही. म्हणून मी देतो."

नऊ कागद झाले. दहावी तारीख वाचली तेव्हा काकांनी पान बघितलं आणि जराही न अडखळता म्हणाले, "आधीची वेळेवर. सात बेचाळीसचीही वेळेवर. बाई जिन्यावर होत्या तेव्हा दार बंद झालं." अकराव्या तारखेलाही तसंच. आणि त्या दोन्हींचेही कागद लिहिले, त्यांवरही शिक्का मारला, तेही वाकून दिले. मला त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला. अहो, एवढं सगळं केलंत, दोन गाळले असते तर?

शेफिनने ते शेवटचे दोन कागद सगळ्यात जास्त वेळ हातात धरले. मग नवाचा गठ्ठा न वाचताच बाजूला सरकवला. "गेनाऊ, अगदी अचूक," ती म्हणाली. "जो माणूस हे दोन लिहितो, त्याचे बाकीचे नऊ तपासायची गरज नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली की दर शुक्रवारी हे गृहस्थ क्वालिटीच्या अहवालासोबत तिला आठवड्याच्या गाड्यांचा कागद देऊन जातात. साडेआठची मीटिंग पावणेनऊला करा, नव्या बाईंना त्रास होतो, असं सांगतात. "मला वाटायचं, यांना रेल्वेचं वेड आहे," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. रडत रडतच मी भांडले. "दोन गाळले असते तर काय बिघडलं असतं?"

"नऊ बिघडले असते," काका म्हणाले.

नोकरी पक्की झाली. मीटिंग पावणेनऊला झाली. लेकीला फोन केला तर ती फोन टाकून घरभर पळत सुटली, "पक्की, पक्की!" सप्टेंबरमधल्या एका रविवारी दुपारी नवरा आणि ती आमच्या स्टेशनावर उतरले, पाच बॅगा, एक पोळपाट आणि लेकीच्या पाठीवर तिच्याएवढं दप्तर. मी विमानतळावरूनच त्यांच्यासोबत होते. फलाटावर काका उभे. रविवारी ते एरवी येत नसत.

त्यांनी बोट दाखवलं. "गाडी?" स्वतःच म्हणाले, "दोनच मिनिटं उशीर. योशी." मग नवऱ्याकडे. मी त्याला आधी सांगून ठेवलं होतं, त्याने हात जोडले. योशी, टिक. मग लेकीकडे. ती क्षणभर बघत राहिली आणि स्वतःच बोट ताणून त्यांच्यावर रोखलं. काका इतके खूश झाले की टिक जवळजवळ कागद फाडून गेली. मग माझ्याकडे. मी म्हटलं, "आहे." टिक.

नवरा बॅगा मोजत होता. मी काकांना म्हटलं, "जरा वही बघू?" त्यांनी दिली. मी पानं मागे उलटत गेले. प्रत्येक दिवसाला एक पान. घड्याळ, रूळ, भोंगा, गाड्यांच्या वेळा आणि खाली माणसं: आजीबाई आणि कुत्रा, शाळेची मुलं सहा, बाई. प्रत्येकापुढे टिक. एवढंच होतं ते. सकाळी कोण कोण सुखरूप आलं, त्याची नोंद. मग तो मंगळवार आला. घड्याळ, टिक. रूळ, टिक. आजीबाईंपुढे टिक, ज्यांनी पोलीस बोलावले त्यांच्यापुढेसुद्धा, कारण त्यांनी मान हलवली होती. पोलीस दोन, टिक. शेवटची ओळ, बाई. तिच्यापुढे काही नाही.

"काका, मी होते इथे त्या दिवशी," मी म्हटलं.

"होतात ना. म्हणून तर लिहिलंय."

"मग टिक?"

"दाखवलं होतं. उत्तर आलं नाही."

फलाटावर ऊन होतं, लेक मागून माझी ओढणी ओढत होती. मला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. मी म्हटलं, "आता देते ना उत्तर. ओळखते मी तुम्हाला. माझ्याइतकं इथे कुणी ओळखत नाही. चुकले मी त्या दिवशी. करा ना टिक."

त्यांनी वही हळूच माझ्या हातातून घेतली, खिशात ठेवली, खिशाकडे बोट दाखवलं. रागावलेले अजिबात नव्हते. आमटीतलं मीठ विचारताना जसा आवाज होता, तसाच.

"मागच्या तारखेची टिक मी करत नाही बाई," ते म्हणाले.

ते दोन बॅगा उचलून जिन्याकडे निघाले. लेकीने त्यांच्या पाठीकडे बघत विचारलं, "आई, आजोबा काय म्हणाले?"

"बरोबर म्हणाले," मी म्हटलं आणि उरलेल्या बॅगा उचलल्या.